पाइनची फळी नेमकी कोणत्या हेडिंगखाली? कापलेल्या, रंधलेल्या, जोडलेल्या मऊ लाकडाचं सीमाशुल्क वर्गीकरण

पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर 'पाइनवूड प्लँक्स, एचएस ४४०७' असं छापलेलं असतं. एचएस म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम, मालाच्या वर्गीकरणाची जगभर चालणारी आकड्यांची पद्धत. तिचे पहिले चार आकडे म्हणजे हेडिंग, सहा आकडे म्हणजे सबहेडिंग. आयातदार तो आकडा सीएचएला (माल सोडवणाऱ्या कस्टम्स एजंटला) कळवतो, सीएचए तोच बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या घोषणापत्रात, चढवतो आणि बहुतेक वेळा माल सुटतोही. पण तो आकडा पुरवठादाराने आपल्या देशातल्या निर्यातीच्या कागदांसाठी लिहिलेला असतो. भारतातलं सीमाशुल्क खातं त्या आकड्याला बांधील नसतं. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १७ प्रमाणे स्वयंनिर्धारण, म्हणजे वर्गीकरण आणि शुल्क स्वतः ठरवण्याची जबाबदारी, आयातदाराची, त्यामुळे चूक निघाली तर नोटीसही त्याच्याच नावाने येते.

हा लेख न्हावा शेवामार्गे पाइन, स्प्रूस, फर मागवणाऱ्या वखारवाल्यांसाठी, पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट बनवणाऱ्यांसाठी आणि फर्निचरच्या छोट्या कारखानदारांसाठी आहे. कांडला-गांधीधामला ओंडके उतरवणाऱ्यांना यातलं बरंचसं पाठ असेल. गोंधळ उडतो तो अर्धवट प्रक्रिया केलेल्या मालात: कापलेला, पण रंधा मारलेला, रंधा मारलेला, पण खाच पाडलेला, तुकडे जोडून लांब केलेला. अशा मालाचं वर्गीकरण करताना तीन प्रश्न विचारायचे. झाड कोणतं? यंत्राने त्यावर शेवटचं काम काय केलं? आणि कशाला काय चिकटवलं आहे? माल पुढे कशासाठी वापरणार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी गैरलागू असतो, आणि आयातदार नेमका तोच सगळ्यात आधी सांगायला लागतो.

आधी कागद गोळा करा

ऑर्डर पक्की करण्याआधीच सॉ मिलकडून काही गोष्टी लेखी मागवून घ्या. झाडाचं लॅटिन नाव, प्रत्यक्ष जाडी-रुंदी-लांबी, आडव्या छेदाचं रेखाचित्र, पृष्ठभाग कापलेला आहे की रंधलेला, कडांना काय केलं आहे, गोंद लावला असेल तर कुठल्या बाजूला, आणि रासायनिक प्रक्रिया केली असेल तर कोणती. फळीच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो तर हवाच. जोड, खाच, गोलाई हे सगळं त्या एका फोटोत दिसतं.

'प्रत्यक्ष' माप असं मुद्दाम म्हटलं. उत्तर अमेरिकेतला 'टू बाय फोर' दोन इंच बाय चार इंच नसतो. सुकवून आणि रंधून तो ३८ बाय ८९ मिलिमीटर भरतो. नावाच्या मापाने घनमीटर काढले तर आकडा प्रत्यक्षापेक्षा निम्म्याहून जास्त फुगतो, प्रति घनमीटर किंमत सुमारे एक तृतीयांशाने खाली दिसते, आणि मूल्यांकनाच्या वेळी अप्रेझर, म्हणजे किंमत तपासणारा कस्टम्स अधिकारी, विचारतो की तुमचाच माल इतका स्वस्त कसा. ओंडक्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. बाजारात होप्पस सीएफटी (घनफूट) चालतो, म्हणजे घेराचा चौथा हिस्सा धरून काढलेलं माप. खऱ्या घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट असतात, होप्पसचे मात्र २७.७ च्या आसपास. कागदांवर कुठलं माप आहे ते ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा.

झाड ओळखा, बाजारातल्या नावावर जाऊ नका

मऊ आणि कठीण हा भेद इथे हाताला लागणाऱ्या मऊपणाचा नाही. बाल्सा कापसासारखं हलकं, तरी ते पानझडी-रुंदपर्णी गटात जातं. यू हे झाड चांगलंच टणक, तरी ते सूचिपर्णी. हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या ४४ व्या प्रकरणात सूचिपर्णी झाडांना स्वतंत्र सबहेडिंग आहेत आणि त्यांच्या आत वंशाप्रमाणे फाटे. कापलेल्या लाकडात ४४०७.११ पाइनचं, म्हणजे पायनस वंशाचं. ४४०७.१२ फर आणि स्प्रूसचं, म्हणजे एबिस आणि पायसियाचं. उरलेली सूचिपर्णी झाडं ४४०७.१९ मध्ये.

इथे बाजारातली नावं हमखास फसवतात. डग्लस फर हे फर नव्हे. त्याचा वंश स्यूडोट्सुगा, म्हणून ते ४४०७.१९. त्याच झाडाला जुने व्यापारी 'ओरेगॉन पाइन' म्हणतात, पण म्हणून ते ४४०७.११ मध्ये जात नाही. ब्राझीलचं पराना पाइन आणि ऑस्ट्रेलियाचं हूप पाइन दोन्ही अराउकारिया वंशाची, पायनस नव्हेत. युरोपचा पुरवठादार 'रेडवूड' लिहितो तेव्हा त्याला बहुधा पायनस सिल्व्हेस्ट्रिस म्हणायचं असतं. कॅलिफोर्नियाचा रेडवूड म्हणजे सिक्वोया. युरोपातलं 'व्हाइटवूड' म्हणजे बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूस. हेमलॉक, लार्च, वेस्टर्न रेड सीडर ही सगळी ४४०७.१९ ची गिऱ्हाइकं. न्यूझीलंडचं रेडिएटा मात्र सरळ: पायनस रेडिएटा, ४४०७.११.

२०२२ च्या आवृत्तीत दोन नवी सबहेडिंग आली आणि कॅनडाचा माल मागवणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावीत. ४४०७.१३ एस-पी-एफसाठी, म्हणजे स्प्रूस-पाइन-फर, ४४०७.१४ हेम-फरसाठी, म्हणजे वेस्टर्न हेमलॉक आणि फर. प्रकरणाच्या सबहेडिंग टिपांमध्ये त्यांची व्याख्या दिली आहे: मिश्र जंगलातून आलेलं असं लाकूड, ज्यात प्रत्येक झाडाचं प्रमाण बदलतं आणि ते माहीत नसतं. दोन्ही अटी लागतात. जर्मनीच्या मिलने एका कंटेनरमध्ये ६० टक्के स्प्रूस आणि ४० टक्के पाइन वेगळ्या गठ्ठ्यांत भरून पाठवलं, तर ते एस-पी-एफ होत नाही. प्रमाण माहीत आहे, गठ्ठे वेगळे आहेत, म्हणून बिल ऑफ एन्ट्रीत दोन वेगळ्या ओळी लिहायच्या. उलट, कॅनडाच्या फळीवर ग्रेडच्या शिक्क्यात 'एस-पी-एफ' असेल, तर तिच्यातली नेमकी पाइन कोणती हे शोधत बसण्याची गरज नाही.

लॅटिन नाव आणखी एका कागदावर असतं, ते म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ खाली लाकडाची तपासणी होते तेव्हा या सर्टिफिकेटवरचं नाव, आयात परवान्यावरचं नाव आणि इन्व्हॉइसवरचं नाव ताडून पाहिलं जातं. एकावर 'पायनस' आणि दुसऱ्यावर 'पायसिया' निघालं की कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) अडकतो आणि डिटेन्शनचे, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या भाड्याचे, दिवस मोजायला सुरुवात होते.

कच्चं, ओबडधोबड की कापलेलं?

४४०३ हे हेडिंग कच्च्या लाकडाचं. साल काढलेली असो वा नसो, ओबडधोबड चौकोनी केलेलं असलं तरी चालतं. 'ओबडधोबड चौकोनी' म्हणजे कुऱ्हाडीने, वाकसाने किंवा ढोबळ करवतीने बाजू काढलेल्या, पण खडबडीत भाग किंवा सालीच्या खुणा शिल्लक असलेल्या. चारही बाजू नीट करवतून कोन स्वच्छ निघाले की तो माल ४४०७. इन्व्हॉइसवर 'स्क्वेअर लॉग' असा शब्द आला तर फोटो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोन्ही प्रकारचा माल याच नावाने विकला जातो.

ओंडक्यांच्या आतही सूचिपर्णी लाकडाचे फाटे आहेत, आणि ते १५ सेंटिमीटरवर पडतात. आडव्या छेदाचं सगळ्यात लहान माप १५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पाइन ४४०३.२१, नाहीतर ४४०३.२२, फर-स्प्रूससाठी ४४०३.२३ आणि ४४०३.२४, बाकीच्यांसाठी ४४०३.२५ आणि ४४०३.२६. 'सगळ्यात लहान' हे शब्द २०२२ मध्ये आले आणि त्याने वाद बराच मिटला. ओंडका टोकाकडे निमुळता होतो, तेव्हा मोजायचं ते बारीक टोक. रंग, क्रिओसोट किंवा इतर संरक्षक रसायन मारलेले सूचिपर्णी खांब ४४०३.११ मध्ये जातात. हे फक्त ४४०३ पुरतं. रसायन मारलेली कापलेली फळी ४४०७ मध्येच राहते.

आणखी दोन लहान कप्पे आहेत. टोकदार केलेल्या, पण लांबीच्या दिशेने न कापलेल्या मेखा-खुंट्या ४४०४ मध्ये. रेल्वे स्लीपर ४४०६ मध्ये. द्राक्षबागेसाठी किंवा कुंपणासाठी पाइनचे टोकदार खांब मागवणाऱ्यांनी ४४०४ चं वर्णन जरूर वाचावं.

६ मिलिमीटरची रेघ

कापलेलं, कातरलेलं किंवा सोललेलं लाकूड ६ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर ४४०७, नेमकं ६ किंवा कमी असेल तर ४४०८. सूचिपर्णीसाठी ४४०८.१०. यात फारसं डोकं लावायला लागत नाही. ६ मिलिमीटर म्हणून विकलेला माल सुकल्यावर ५.८ भरतो की ६.२, एवढं कॅलिपर लावून बघा.

रंधा मारला, आणि मग कडांचं काय केलं?

बहुतेक वाद ४४०७ आणि ४४०९ च्या सीमेवर होतात, म्हणून इथे थोडं थांबूया.

४४०७ च्या वर्णनातच लिहिलं आहे: रंधलेलं, सँड केलेलं किंवा टोकाला जोडलेलं असलं तरी चालेल. म्हणजे चारही बाजू गुळगुळीत केलेली फळी अजूनही ४४०७ च. रंधताना शेजारच्या दोन बाजूंमधला कोन किंचित गोल झाला, तरी हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या स्पष्टीकरण टिपा ती फळी ४४०७ मध्येच ठेवतात. 'किंचित' म्हणजे किती मिलिमीटर, हे तिथे दिलेलं नाही. कामचलाऊ कसोटी अशी: ती गोलाई हाताला लागू नये, कपच्या निघू नयेत म्हणून आलेली आहे, की तिच्यामुळे फळीला नवा आकार मिळाला आहे? कड अर्धवर्तुळाकार झाली, तर ती रंधण्याची सोबत उरली नाही. ते स्वतंत्र काम झालं.

४४०९ ला लागतो तो सलग आकार: टंग अँड ग्रूव्ह (जीभ आणि खाच), रिबेट (कडेला पायरीसारखी खाच), व्ही-जॉइंट, चॅम्फर (तिरकी छाटलेली कड), बीडिंग, मोल्डिंग, गोलाई, कुठल्याही कडेला, टोकाला किंवा पृष्ठभागावर. सलग म्हणजे लांबीभर तोच छेद, किंवा लांबीभर पुन्हा पुन्हा येणारी एकच उठावाची नक्षी. सूचिपर्णीसाठी ४४०९.१०. बाल्कनीच्या डेकिंगच्या फळीवर पाय घसरू नये म्हणून बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्या लांबीभर जातात, म्हणून ती ४४०९. छताला मारायची क्लॅडिंगची पट्टी एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच घेऊन येते, तीही ४४०९. पॅकिंगची रफ फळी, आरपार कापलेली, कितीही नीट असली तरी ४४०७.

आणि एखादं भोक, एखादी मधलीच खाच? हा प्रश्न उत्तर अमेरिकेत मोठ्या पैशांचा झाला होता. १९९६ च्या अमेरिका-कॅनडा सॉफ्टवूड लंबर करारात ठरावीक मर्यादेपलीकडच्या कॅनेडियन लाकडावर शुल्क लागत होतं. घराच्या भिंतीत उभ्या करायच्या पट्ट्यांना वायरींसाठी आधीच भोकं पाडून आणलं की त्या सुतारकामाच्या, म्हणजे ४४१८ च्या, आणि म्हणून कराराबाहेरच्या, असा अर्थ सुरुवातीला मान्य झाला. १९९८ मध्ये अमेरिकी कस्टम्सने तो निर्णय फिरवला आणि भोकं पाडलेल्या पट्ट्या पुन्हा ४४०७ मध्ये आल्या. दोन भोकांसाठी दोन देशांचे वकील कामाला लागले. आपल्याकडे असा माल क्वचित येतो, पण ज्याच्यावर एखादंच किरकोळ काम केलेलं आहे आणि त्यामुळे हेडिंग बदलतं असा दावा आहे, त्याला आगाऊ निर्णयाशिवाय, म्हणजे माल आणण्याआधीच सीमाशुल्क प्राधिकरणाकडून घेतलेल्या वर्गीकरणाच्या निर्णयाशिवाय, हात लावू नये, असं माझं मत.

गोंद कुठे लावला आहे?

फिंगर-जॉइंट म्हणजे टोकाला टोक जोडून लांब केलेली पट्टी. ती ४४०७ मध्येच राहते, कारण टोकाची जोड वर्णनातच मान्य केलेली आहे. फिंगर-जॉइंट करून नंतर मोल्डिंग केलं, तर ४४०९.

कडेला कड चिकटवून पॅनेल केलं की गोष्ट बदलते. कापलेल्या पट्ट्या वाहतुकीला किंवा पुढच्या कामाला सोयीचं व्हावं म्हणून गोंदाने जोडलेली पॅनेल स्पष्टीकरण टिपा ४४२१ मध्ये घालतात. फर्निचरवाल्यांकडे येणारी पाइनची जोडलेली बोर्डं याच जातीची, आणि तीच सर्रास ४४०७ म्हणून मागवली जातात. 'सॉलिड पाइन बोर्ड' हे नाव बघूनच ते होतं. टोकाचा फोटो मागवला असता तर जोड दिसली असती.

रुंद बाजूवर रुंद बाजू ठेवून, सगळ्या थरांचे रेषे एकाच दिशेने ठेवून जोडलं तर ग्लूलॅम, ४४१८.८१. थर एकमेकांना आडवे घातले तर क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर, ४४१८.८२. पातळ व्हेनियरचे थर एकाच दिशेत चिकटवलेलं एलव्हीएल ४४१२ मध्ये, प्लायवूडच्या शेजारी. ही सबहेडिंग २०२२ मध्ये नीट वेगळी झाली, त्यामुळे त्याआधीची जुनी बिलं समोर ठेवून नव्या मालाचा आकडा लिहू नका.

तयार वस्तू की तिचे तुकडे?

पॅलेटसाठी मापाला कापलेल्या फळ्या म्हणजे पॅलेट होत नाही. पॅलेट ४४१५ मध्ये जातं, सुटं असलं तरी, पण त्यासाठी एका पॅलेटचे सगळे तुकडे संचाने एकत्र यायला हवेत. टॅरिफचा अर्थ लावण्याच्या सामान्य नियमांपैकी नियम २ (अ) अपूर्ण किंवा सुट्या वस्तूला पूर्ण वस्तूचं हेडिंग देतो, पण त्या अपूर्ण वस्तूत पूर्ण वस्तूचं मुख्य स्वरूप दिसलं पाहिजे. १२०० मिलिमीटर लांबीची, कुठलंही आणखी काम नसलेली फळी चाकणच्या पॅलेट कारखान्यात जाणार आहे, हे तुमच्या मनात असतं, फळीत दिसत नाही. ती ४४०७. दाराच्या चौकटीचे तुकडे मात्र टोकाला खुंटी काढून, समोरच्यात भोक पाडून, बसवायला तयार येत असतील तर ४४१८ कडे पाहा.

आठ आकडे आणि वर्णन

पहिले सहा आकडे जगभर तेच असतात. सातवा-आठवा भारताचा, सीमाशुल्क टॅरिफ कायदा १९७५ च्या पहिल्या अनुसूचीतला. काही ठिकाणी पुढे नुसते दोन शून्य लागतात, काही ठिकाणी फाटे असतात. आठ आकडी ओळ त्या दिवसाच्या टॅरिफमधूनच उचला.

वर्णनात 'पाइनवूड' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'पायनस रेडिएटा, करवतून कापलेलं, न रंधलेलं, भट्टीत सुकवलेलं, २५ × १०० × ३००० मिलिमीटर, आकार न दिलेलं, जोड नसलेलं'. जे काम केलेलं नाही तेही लिहा. तपासणीला आलेला अधिकारी वर्णन आणि फळी शेजारी ठेवतो आणि 'आकार न दिलेलं' हे त्याला डोळ्याने पटतं.

पैशाचा हिशेब एकदा मांडून ठेवा. समजा मूल्य १०० रुपये आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के. त्यावर समाजकल्याण अधिभार शुल्काच्या १० टक्के, म्हणजे १ रुपया. १११ वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १९.९८. एकूण ३०.९८. मूळ शुल्क ५ टक्के असतं तर एकूण २४.४९ झालं असतं. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे खिशातून कायमचे जाणारे ११ किंवा साडेपाच. म्हणूनच कच्चा ओंडका आणि कापलेली फळी यांच्यातली रेघ इतकी ताणली जाते. दर बजेटमध्ये आणि अधिसूचनांमध्ये हलतात. बिल भरताना त्या दिवसाचा दर बघा.

४४०७ आणि ४४०९ चा दर सारखा आहे म्हणून 'काय फरक पडतो' म्हणणारे भेटतात. व्यापार करारातली सवलत मागताना फरक पडतो. मूळ देशाचा नियम जर हेडिंग बदलण्यावर अवलंबून असेल, तर दुसऱ्या देशाचा ओंडका कापून फळी केली की हेडिंग बदलतं, ४४०३ चं ४४०७ होतं. पण दुसऱ्या देशाची कापलेली फळी आणून नुसती रंधली तर ती ४४०७ चीच राहते आणि सवलत हुकते. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कॅरोटार नियमांखाली (व्यापार करारांखालच्या मूळ देशाच्या पडताळणीचे नियम) ही माहिती आयातदाराकडेच असावी लागते, नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन पुरत नाही.

शंका उरलीच तर

स्पष्टीकरण टिपा भारतात कायदा नाहीत, पण वजनदार आहेत. शिलाँगचे कलेक्टर विरुद्ध वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आपलं टॅरिफ हार्मोनाइज्ड सिस्टिमवर बेतलेलं असल्याने वाद आला तर तिच्याकडेच पाहावं. योगायोग असा की तो वाद लाकडाचाच होता, ब्लॉकबोर्डचा. अमेरिकेच्या कस्टम्सचे निर्णय आणि युरोपीय संघाची वर्गीकरणाबद्दलची बंधनकारक माहिती इंटरनेटवर मोफत वाचता येते. लाकडाचे शेकडो निर्णय तिथे आहेत. इथे ते बंधनकारक नाहीत, पण युक्तिवाद कसा करतात ते त्यात दिसतं.

माल नेहमी येणार असेल तर आगाऊ निर्णय घ्या. मुंबईला बॅलार्ड इस्टेटमध्ये त्यासाठीचं प्राधिकरण आहे. फॉर्म सीएएआर-१, फी १०,००० रुपये, तीन महिन्यांत निर्णय देण्याची कायद्यात तरतूद. वस्तू आणि कायदा बदलला नाही तर तो कायद्यातल्या मुदतीपर्यंत चालतो. नमुना, टोकाचे फोटो, छेदाचं रेखाचित्र आणि मिलचं पत्र अर्जाला जोडा. त्यातलं वर्णन आणि पुढे येणारा माल तंतोतंत जुळायला हवा. कंटेनर आधीच निघाला असेल आणि निर्णय हातात नसेल, तर कलम १८ खाली तात्पुरतं निर्धारण मागता येतं. बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, त्यामुळे हा विचार माल समुद्रात असतानाच करा.

कमी भरलेल्या शुल्काची मागणी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत येऊ शकते. माहिती दडवल्याचा आरोप असेल तर पाच. त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणून प्रत्येक कन्साइनमेंटची फाइल पाच वर्षं जपा: मिलचं पत्र, फोटो, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, आणि हे हेडिंग का निवडलं याचं तुमच्या शब्दांतलं अर्ध्या पानाचं टिपण, तारखेसह. ते टिपण माल येण्याआधी लिहिलेलं असेल तर दडवल्याचा आरोप टिकवणं अवघड जातं. १ जानेवारी २०२८ पासून हार्मोनाइज्ड सिस्टिमची पुढची आवृत्ती लागू होणार आहे. त्यानंतरच्या पहिल्या ऑर्डरला जुन्या फाइलमधला आकडा न उचलता ४४ वं प्रकरण आणि त्याच्या टिपा पुन्हा एकदा वाचून काढा.